अंगावरून पांढरं जातं म्हणून पिशवी काढायची का?

आशाताई, गेवराई
दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवर निघतील. "पिशवी (गर्भाशय) काढून टाकते, म्हणजे हंगामात पाळीचा खाडा नको" म्हणणाऱ्या तिशीतल्या बायका दरवर्षी भेटतात. खाडा म्हणजे कामाचा बुडालेला दिवस, त्याचा दंड कापतात. तक्रार बहुतेक पांढरं जाण्याची, ओटीपोट दुखण्याची. हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि "सूज आहे, पुढं कॅन्सर होईल" एवढंच ऐकलेलं. ऑपरेशनआधी नेमकं काय तपासायला सांगू? आणि नको म्हणायचं तर त्यांच्या हातात काय आहे?

स्त्रीरोगतज्ज्ञ, अंबाजोगाई
ताई, आधी रिपोर्ट वाचा. ‘बल्की युटेरस’ लिहिलेलं असतं, त्यालाच सूज म्हणून सांगतात. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी जराशी मोठी असतेच. ‘नाबोथियन सिस्ट’ म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या साध्या पुटकुळ्या, त्यांना काही करावं लागत नाही.

पांढरं जाणं हे अनेकदा योनिमार्गातल्या जंतुसंसर्गाचं लक्षण. पिशवी काढली तरी योनिमार्ग तिथंच राहतो, मग तक्रार थांबणार कशी? दह्यासारखं आणि खाज असेल तर बुरशी. राखाडी, माशासारखा वास असेल तर वेगळे जंतू. प्राथमिक आरोग्य केंद्रात यासाठी औषधांचं हिरवं किट मोफत मिळतं: सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिग्रॅ, एकदाच. ओटीपोटही दुखत असेल तर पिवळं किट, त्याच्या गोळ्या १४ दिवस. गरोदर नाही याची खात्री करूनच. चौथ्या दिवशी बरं वाटतं आणि गोळ्या सुटतात, किंवा नवऱ्याला औषध लागत असून तो घेत नाही, म्हणून दुखणं उलटतं. तेव्हा हे उपचार टोळी निघायच्या किमान तीन आठवडे आधी सुरू करा.

कॅन्सरची भीती असेल तर तिशीनंतर व्हीआयए तपासणी करून घ्या. पिशवीच्या तोंडाला सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून मिनिटभर थांबतात. पांढरा चट्टा दिसला तरी तो कॅन्सरच असतो असं नाही, पुढची तपासणी लागते. लाल जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि गाठी बघायच्या. आधी गोळ्या किंवा पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन (कॉपर-टीसारखं दिसतं, पण तांब्याचं नसतं). कॅन्सर, मोठ्या गाठी, कशानेच न थांबणारा रक्तस्राव, अशा वेळी मात्र ऑपरेशन टाळू नये.

हक्कांचं काम करणारी
संमती बाईची स्वतःची लागते. नवऱ्याची किंवा मुकादमाची सही तिच्याऐवजी चालत नाही. तपासणीसाठी दिलेली संमती पिशवी काढायला पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलंय. संमतीपत्र मराठीत मागा. केसपेपरच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत द्याव्या लागतात. मागणी लेखी करा, पोच घ्या.

बीडमध्ये २०१९ च्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर पिशवी काढण्याआधी खासगी दवाखान्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असं ठरलं. "परवानगी घेतलीत का?" हा प्रश्न बाईने जरूर विचारावा. शंका आली तर तक्रारही जिल्हा शल्यचिकित्सकांकडेच.

टोळ्यांसोबत काम करणारा
मूळ दुखणं खाड्याचं आहे. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडप्याला मिळून; नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. एकीचा दिवस बुडाला की दंड दोघांना. म्हणून उचल घेण्याआधीच, चार माणसांसमोर, पाळीच्या दिवसांचा खाडा कापायचा नाही हे ठरवून लिहून घ्या. टोळी राहते त्या अड्ड्यावर आडोसा आणि पाणी हेही त्याच कागदात. एकटीचं कुणी ऐकत नाही, टोळीतल्या सगळ्या बायकांनी मिळून मागितलं तरच.

आशाताई, गेवराई
ज्यांची आधीच काढलीय, त्यांचं अंडाशय ठेवलंय का हे कसं कळेल?

स्त्रीरोगतज्ज्ञ, अंबाजोगाई
डिस्चार्ज कार्डावर ‘बीएसओ’ अक्षरं असतील तर दोन्ही अंडाशयं गेलीत. मग पाळी जाण्याचा त्रास लगेच सुरू होतो: अंगातून वाफा, झोप नाही. हाडंही हळूहळू ठिसूळ होतात. पंचेचाळिशीच्या आतल्या बाईला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवाच, हार्मोनच्या गोळ्या चालतील का ते तपासून ठरवावं लागतं. तोवर कॅल्शियम सुरू करा आणि डोक्यावर मोळी देऊ नका.