सगळ्यांना एकच माप लावा की

वर कोणीतरी म्हटलंय की एनएचएल (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) कुणाची बाजू घेत नाही, नियम सगळ्यांना सारखेच असतात. मला हे अजिबात पटत नाही. २०१० मधलं कोव्हालचुक या खेळाडूचं प्रकरण बघा, न्यू जर्सीच्या टीमने १७ वर्षांचं १०.२ कोटी डॉलरचं काँट्रॅक्ट दिलं, त्यात शेवटची पाच वर्षं फक्त साडेपाच लाख प्रत्येकी, म्हणजे सरासरी खाली ओढून कॅपमध्ये (टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा, त्यात काँट्रॅक्टची वार्षिक सरासरी धरतात) जागा काढायची, हे उघडच होतं. लीगने ते रद्द केलं, वर ३० लाखांचा दंड आणि ड्राफ्ट पिकही (नवे खेळाडू निवडायचे हक्क) काढून घेतले. ठीक आहे, पण मग त्याच्या आदल्याच वर्षी शिकागोच्या टीमने होसा या खेळाडूला १२ वर्षांचं काँट्रॅक्ट दिलं त्यातही सुरुवातीला वर्षाला ७९ लाख आणि शेवटच्या चार वर्षांना दहा लाख, त्याची नुसती चौकशी झाली आणि विषय संपला! कोव्हालचुकचं जास्त टोकाचं होतं हे मान्य, पण युक्ती तीच ना?

आणि खरा अन्याय व्हँकुव्हरवर झाला. त्यांच्या गोलकीपर लुओंगोचं तसंच काँट्रॅक्ट लीगनेच मंजूर केलेलं, नंतर २०१३ मध्ये रीकॅप्चरचा नियम (असा खेळाडू मुदतीआधी रिटायर झाला तर कॅपमध्ये वाचवलेली रक्कम टीमच्या कॅपमधून वळती करायची) आणून जुन्या काँट्रॅक्टनाही लावला, आणि २०१९ ला तो रिटायर झाल्यावर तीन वर्षं दरवर्षी व्हँकुव्हरची ३० लाखांच्या वर कॅप गेली, तीही तो दुसऱ्या टीमकडून खेळून रिटायर झालेला असताना. होसा कागदोपत्री रिटायर न होता इंज्युरी लिस्टवर राहिला, म्हणून त्याला हा नियम लागला नाही आणि शिकागो सुटली. मंजूर केलेल्या काँट्रॅक्टला मागाहून दंड लावणं चुकीचंच आहे, टीम कुठलीही असो.