मदत हवी आहे : प्लेटिंगचा गाळ कमी कसा करू?

नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं झिंक प्लेटिंगचं (धातूच्या भागांवर जस्ताचा मुलामा देण्याचं) छोटं युनिट आहे. ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा) गाळ घातक कचऱ्यात मोडतो. 2016 च्या नियमांप्रमाणे तो साधारण 90 दिवसांच्या आत हलवावा लागतो, पण विल्हेवाटीची गाडी वेळेवर येत नाही. पावसाळ्यात भरलेली पिंपं बघून जीव टांगणीला लागतो. म्हणून गाळ मुळातच कमी करायचाय.

जॉब (प्लेटिंगचे भाग) बाथवर, म्हणजे रसायनाच्या टाकीवर, जास्त वेळ निथळू देतोय, मग तीन टाक्यांत उलट प्रवाहाने (पाणी जॉबच्या उलट दिशेने सोडून) धुतोय. पाणी बरंच वाचलं. पण फिल्टर प्रेसमधला (गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्रातला) गाळ अजून ओलाच, म्हणजे आम्ही पाण्याच्या वजनाचेही पैसे भरतोय! कुणी ड्रायर लावलाय का? सांडपाण्यातला धातू गाळ म्हणून खाली बसवायला चुन्याऐवजी कॉस्टिक सोडा वापरल्यावर तुमचा गाळ किती घटला? तो तळाशी नीट बसतो का? अनुभव सांगा, प्लीज.