हॅलोवीनचा भोपळा घरी कोरायचाय: कुठला घ्यावा, कशाने कोरावा? (न्यू जर्सी, बजेट २५ डॉलर)

सोनचाफा | ८ ऑक्टोबर २०२४
नमस्कार मंडळी. एडिसनला येऊन वर्ष झालं. मागचा ऑक्टोबर खोकी उघडण्यात गेला, यंदा मुलांनी (वय ५ आणि ८) भोपळा कोरायचाच म्हणून हट्ट धरलाय. अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर, दाराबाहेर छोटा पॅसेज, तिथे मेणबत्ती लावायला लीझिंग ऑफिसची बंदी. त्यात इथे लक्ष्मीपूजन ३१ तारखेलाच येतंय, म्हणजे त्याच दारात रांगोळीही हवी. भोपळा कधी आणावा, कुठला घ्यावा, कशाने कोरावा? सगळं मिळून २५ डॉलर, आणि त्यात दोन भोपळे, कारण एकच आणला तर घरात महाभारत. घरात हत्यार म्हणाल तर विळी आणि दोन सुऱ्या.

बॉस्टनकर
ताई, दुकानातला घेऊच नका. शेतावर जा. आम्ही दरवर्षी जातो, ट्रॅक्टरच्या गाडीत बसून थेट वेलांपर्यंत नेतात. चौघांचे ऐंशी-नव्वद डॉलर होतात पण मजा येते. 'हाउडन' जातीचा मागा. ही जात आमच्या मॅसॅच्युसेट्सच्या एका शेतकऱ्याने १९६०च्या दशकात काढली, कोरायला हीच. देठ जाड आणि हिरवट हवा, बूड सपाट हवं, नखाने साल टोचली जाऊ नये. आणि उचलताना देठाला धरू नका. देठ तुटला की तिथूनच सडायला लागतो.

प्लेनोवासी
खरा भोपळा म्हणजे पैसे पाण्यात. आमच्याकडे टेक्सासात ऑक्टोबरमध्ये अजून एसी चालू असतो. कोरलेला भोपळा तिसऱ्या दिवशी आतून काळा पडला आणि चिलटं घरभर. तेव्हापासून फोमचा आणलाय, कोरता येतो, वर्षानुवर्षं टिकतो. मोठा साधारण ३५ ला मिळतो. दोन घ्या.

सोनचाफा
दोन म्हणजे ७० झाले 🙂 बजेट २५ आहे.

प्लेनोवासी
दहा वर्षांत भागले तर वर्षाला सातच पडतात.

मिस्त्री
दुकानातल्या त्या नारिंगी मुठीच्या खेळण्यातल्या करवती घेऊ नका, पातं पहिल्या डोळ्यालाच वाकतं. हार्डवेअरच्या दुकानातून ड्रायवॉल सॉ (जिप्समच्या भिंती कापायची टोकदार लहान करवत) आणा, दहा-बारा डॉलर, पुढे घरकामालाही होते. झाकण कापताना पातं आतल्या बाजूला तिरकं धरा. सरळ कापलंत तर झाकण आत पडतं. मागच्या बाजूला एक खाच ठेवा म्हणजे झाकण परत कसं बसवायचं ते कळतं. समोरची भिंत आतून खरवडून इंचभर ठेवा, त्याहून जाड ठेवलीत तर कोरताना हात दुखतात आणि उजेडही बाहेर येत नाही.

बॉस्टनकर
वरून कापायची पद्धत जुनी झाली. बुडातून कापा. देठ शाबूत राहतो आणि दिवा जमिनीवर ठेवून भोपळा वरून ठेवला की झालं.

मिस्त्री
बुडातून कापलं की भोपळा बसका होतो. मी कायम वरूनच कापतो.

बॉस्टनकर
मेणबत्ती लावायची असेल तर वरून, एलईडी असेल तर बुडातून. त्यांना मेणबत्ती चालतच नाही, धागा नीट वाचा.

रात्रपाळी
मी इमर्जन्सीत नर्स आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात भोपळा कोरताना हात कापून घेतलेले लोक ठरलेले असतात. तळहात किंवा बोटाचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी), आणि बहुतेक वेळा कारण स्वयंपाकघरातली मोठी सुरी. ती जाड सालीत अडकते, माणूस जोर लावतो, ती सटकते आणि भोपळा धरलेल्या हातात घुसते. लहान दात्यांची करवत हळूहळू मागेपुढे चालवायची, दाबायची नाही. भोपळा आणि हात दोन्ही कोरडे हवेत. मुलांना चित्र काढू द्या, चमच्याने बिया काढू द्या, पातं त्यांच्या हातात नको. विळीचा विचारही करू नका.

तिरकस
लक्ष्मी दारात येणार आणि दारात दात विचकणारं भूत. लक्ष्मी पुढच्या घरी जाईल.

कुंदाकाकू
गमतीचा भाग सोडा, पण आमच्याकडे भोपळ्याला पहिला सुरा घरातल्या पुरुषाने लावायचा असतो. मग बायकांनी चिरायचा. मिस्टरांना सांगा.

खमंग
काकू, तो नियम कोहळ्याचा. तांबड्या भोपळ्याला नाही.

कुंदाकाकू
आमच्या सासरी दोन्हीला होता.

तिरकस
आणि लक्ष्मीपूजन ३१ ला कसं? पुण्यात सगळे १ तारीख म्हणतायत.

उसगावकर८८
वेळेच्या फरकामुळे. ईस्ट कोस्टला अमावास्या ३१ च्या सकाळी लागते आणि १ ला सकाळी नऊच्या आत संपते, म्हणजे प्रदोषकाळी अमावास्या फक्त ३१ ला.
बाकी आम्ही आलो तेव्हा हे भोपळ्याचं एवढं स्तोम नव्हतं. मुळात भोपळा नव्हताच त्यात. आयर्लंडमध्ये सलगम कोरायचे. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात, मेयो परगण्यात, तशा एका सलगमचा साचा ठेवलाय, बघून लहान मूल झोपणार नाही. आयरिश लोक इथे आले, त्यांना कोरायला सोपा भोपळा सापडला. आता कॉफीतसुद्धा भोपळा.

खमंग
कोरण्याच्या भोपळ्याचे घारगे करायला जाऊ नका, हे मात्र सगळ्यांनी लिहून ठेवा. किसून शिजवला की पाणीच पाणी, कणीक घालता घालता दुप्पट झाली आणि चव तरी भोपळ्याची नाही. खायचा असेल तर 'शुगर पाय' म्हणून लहान मिळतो, तो घट्ट आणि गोड. पण तो कोरायला नाही, भिंत जाड असते. बिया मात्र कुठल्याही चालतात. धागे काढून धुवा, कापडावर पूर्ण कोरड्या करा, थोडं तेल, मीठ, जिरेपूड, ३०० फॅरनहाइटला मधूनमधून हलवत भाजा.

मिस्त्री
शुगर पाय कोरू नका. हेच म्हणणार होतो.

बॉस्टनकर
सहमत. शुगर पाय कोरायचा नाही.

सोनचाफा | १५ ऑक्टोबर
सगळ्यांचे आभार. टिकायचं काय? आज आणला तर चालेल का? आणि पॅसेजमध्ये खारी येतात.

बॉस्टनकर
आणून ठेवायला हरकत नाही, न कोरलेला सावलीत महिनाभर राहतो. कोरायचा मात्र शेवटच्या दोन-तीन दिवसांत.

रात्रपाळी
गॅलनभर पाण्यात चमचाभर ब्लीच घालून कोरलेला भाग धुवा आणि पूर्ण वाळवा, बुरशी उशिरा येते. मग तो खायचा नाही, हे सांगायला नको. कापलेल्या कडांना व्हॅसलीन लावा, पण आत खरी ज्योत असेल तर नको. नाहीतरी यंदा जर्सीत पाऊस नाही, वणव्याचे इशारे चालू आहेत, पानं वाळलीत. एलईडीच लावा.

कुंदाकाकू
खारींसाठी तिखट लावा.

प्लेनोवासी
तिखटाने काही होत नाही. आमच्याकडच्या खारी शेजाऱ्यांचे भोपळे खातात. फोमला तोंड लावत नाहीत.

खमंग
तिखट खारींना झोंबतं, पक्ष्यांना नाही. पाऊस पडला की धुऊन जातं, पण वर लिहिलंय तसं यंदा पाऊस कुठे आहे! फक्त ब्याडगी वापरू नका, ती रंगाला, तिखटाला नाही. वाया जाईल.

तिरकस
खारीच्या चवीचाही विचार करणारी मंडळी आपली.

सोनचाफा | २ नोव्हेंबर
झालं एकदाचं. तर आम्ही दोन शुगर पाय घेतले 🙈 चार-चार डॉलरचे. दुकानात धाकटा तिथेच बसला की हाच हवा, आणि मोठे भोपळे दोन जिने चढवणार कोण? भिंत खरंच दीड इंच जाड होती. नवऱ्याने लोखंडी चमच्याने तासभर खरवडलं, तो गर बाजूला ठेवला. करवत घेतलीच नाही. शेजाऱ्यांकडून ड्रिल आणलं, थोरलीने मार्करने रांगोळीसारखे ठिपके काढले, नवऱ्याने प्रत्येक ठिपक्यावर भोक पाडलं. ड्रिल अलगद जातं, फक्त लगदा सगळीकडे उडतो, भिंतीवरही. तोंड, डोळे काही केले नाहीत. धाकट्याला मांजर हवं होतं, त्याला मिशा मार्करने काढून दिल्या. बुडातून कापून आत एलईडी, ते धरून एकूण १७ डॉलर झाले. गुरुवारी दारात आधी रांगोळी, मग हे दोघे, आणि स्पायडरमॅन झालेली मुलं रांगोळी ओलांडून चॉकलेट घेत होती. दुपारी उन्हाळ्यासारखं ऊन होतं, तरी अजून सडलेले नाहीत. घारगे छान झाले, खमंग.

कुंदाकाकू
म्हणजे पहिलं भोक मिस्टरांनीच पाडलं. बरं झालं.

बॉस्टनकर
छान, पण हाउडनची सर नाही.

प्लेनोवासी
फोमला ड्रिल आणखी सोपं जातं.

मिस्त्री
ड्रिलचं बिट (भोक पाडणारं टोक) कितीचं वापरलं?

सोनचाफा
दोन लावली होती, एक लहान एक मोठं. माप नवऱ्याला विचारून सांगते.

मिस्त्री
मोठ्यासाठी लाकडाचं चपटं बिट घ्या पुढच्या वेळी, लगदा कमी उडतो.