एनबीए प्लेऑफ : आपल्या लक्षात राहिलेली एक शिट्टी

ठाणे (धागा सुरू करताना)

१५ जून १९९८च्या पहाटे मी थोरल्या भावाबरोबर टीव्हीसमोर बसलो होतो. सॉल्ट लेक सिटीत शिकागो बुल्स आणि युटा जॅझ यांच्यात एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या अंतिम फेरीचा सहावा सामना (सातपैकी चार जिंकेल तो विजेता) रंगला होता, आणि आवाज वाढवला तर बाबा उठतील या भीतीने आम्ही तो जवळजवळ मुकाच पाहत होतो. ५.२ सेकंद उरली असताना बुल्सच्या मायकेल जॉर्डनने युटाच्या ब्रायन रसेलला चकवून बास्केट केली, बुल्स ८७-८६ असे जिंकले आणि मी उशीत तोंड खुपसून ओरडलो. भाऊ मात्र शांतपणे म्हणाला, "त्याचा डावा हात बघितलास का?" जॉर्डनचा हात रसेलच्या कमरेला नुसता टेकला होता की त्याने रसेलला ढकलले होते, यावर आम्हा भावांचे आजही एकमत नाही. मी कित्येक वर्षे तो हात दिसलाच नाही असे म्हणत राहिलो, कारण बुल्ससाठी जॉर्डनची ती शेवटची बास्केट मला निष्कलंक हवी होती.

पुढे तो सामना सबंध पुन्हा पाहिला, तेव्हा आणखी दोन गोष्टी ध्यानात आल्या. युटाच्या हॉवर्ड आयस्लीचा तीन गुणांचा शॉट चढाईची २४ सेकंदांची वेळ संपल्याचे सांगून रद्द करण्यात आला होता, वास्तविक चेंडू वेळेत हातातून सुटला होता. बुल्सच्या रॉन हार्परचा दोन गुणांचा शॉट उशिरा सुटूनही धरण्यात आला होता. सामना एका गुणाचा आणि चुका पाच गुणांच्या. तेव्हा पंचांना रिप्ले पाहण्याची सोयच नव्हती.

आपण सर्वांनी असा एखादा निर्णय लिहावा, ही विनंती. तो आपल्या संघाच्या बाजूने गेलेला असला, तर अवश्य लिहावा.

सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया

मी २००१ साली नोकरीसाठी येथे आलो. शहरात एनबीएतल्या किंग्जशिवाय दुसरा मोठा व्यावसायिक संघ नव्हता, त्यामुळे वाण्याच्या दुकानापासून दंतवैद्याच्या खोलीपर्यंत सगळीकडे ख्रिस वेबर, व्लादे डिवाक आणि माइक बिबी या किंग्जच्या खेळाडूंच्याच गप्पा चालत. किंग्जच्या मैदानावर, आर्को अरीनामध्ये, लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन जात आणि पाहुण्या संघाच्या कानठळ्या बसवत. मराठी माणसाला घुंगरमाळांचा आवाज परका नाही. मला तेथे पहिल्याच दिवशी आपलेपणा वाटला.

२००२च्या पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्ध आम्ही ३-२ असे पुढे होतो. ३१ मे रोजी लॉस एंजेलिसमध्ये सहावा सामना झाला. एकट्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये लेकर्सला २७ फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे एकेका गुणाचे मोकळे शॉट) मिळाले. लेकर्सच्या शकील ओनीलला रोखणारे आमचे दोन्ही उंच खेळाडू, डिवाक आणि स्कॉट पोलार्ड, सहा-सहा फाउल होऊन बाहेर बसले. शेवटच्या काही सेकंदांत, आम्ही एकाच गुणाने मागे असताना, कोबी ब्रायंटचे कोपर बिबीच्या नाकावर बसले. बिबी नाक धरून खाली पडला, नाकातून रक्त आले आणि शिट्टी वाजली नाही. आम्ही १०६-१०२ असे हरलो. माझ्या खोलीत त्या वेळी नऊ जण होते. सामना संपल्यावर कोणी उठले नाही आणि कोणी टीव्हीही बंद केला नाही. जाहिराती चालू राहिल्या.

त्याच मालिकेच्या चौथ्या सामन्यात मध्यंतराच्या भोंग्याला लेकर्सच्या समाकी वॉकरचा लांबून टाकलेला शॉट पडला होता. भोंगा वाजला तेव्हा चेंडू त्याच्या हातातच होता, तरीही तीन गुण धरले गेले, आणि रॉबर्ट होरीच्या शेवटच्या शॉटवर तो सामना आम्ही ९९-१०० असा गमावला. त्यानंतरच्या हंगामापासून एनबीएने क्वार्टर संपतानाच्या शॉटसाठी रिप्ले आणला. नियम आमच्या नुकसानीतून सुधारला, पण त्याने दुःख हलके झाले नाही. २००७ साली टिम डोनाघी या पंचाने जुगाऱ्यांना आतली माहिती पुरवल्याचे न्यायालयात कबूल केले, तेव्हा गावात पुन्हा तोच सामना निघाला. डोनाघी त्या सामन्यात पंच नव्हता, हे मी प्रत्येकाला सांगत असे आणि ते ऐकून घेण्याची कोणाची इच्छा नसे.

एक गोष्ट मात्र येथील लोक चटकन सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. सातवा सामना आमच्या घरच्या मैदानावर झाला. तो जादा वेळेत गेला आणि आम्ही सहा गुणांनी हरलो. त्या दिवशी किंग्जला ३० फ्री थ्रो मिळाले होते. त्यांपैकी १६ पडले. चौदा फ्री थ्रो कोणत्याही पंचाने चुकवलेले नव्हते.

२०१९च्या ऑक्टोबरमध्ये हाच संघ मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सविरुद्ध दोन सराव सामने खेळला. संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. पहिला सामना जादा वेळेत जाऊन किंग्ज एका गुणाने हरले. माझा भाचा तेथे होता, त्याने फोनवर पहिले वाक्य उच्चारले ते असे : "मामा, शेवटी फाउल होता."

पुणे

मी डेन्व्हरचा चाहता. माझ्या लक्षात कुठली एक शिट्टी राहिलेली नाही, तर एक गुणतक्ता राहिला आहे. १२ एप्रिल २०१८च्या सकाळी मी कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर डेन्व्हर नगेट्स आणि मिनेसोटा टिंबरवुल्व्ज यांचा साखळीतला शेवटचा सामना पाहत होतो. दोन्ही संघांचे ४६ विजय आणि ३५ पराभव झालेले होते. जो जिंकेल तो प्लेऑफला जाणार होता. आमच्या निकोला योकिचने ३५ गुण केले, सामना जादा वेळेत गेला आणि आम्ही ११२-१०६ असे हरलो. पश्चिम विभागात मिनेसोटा आठवे आले, आम्ही नववे.

त्या आठवड्यात मी हंगामातले आमचे निसटते पराभव शोधून काढले. नोव्हेंबरातल्या कुठल्याशा मंगळवारी चुकलेल्या शिट्टीवर कोणी अग्रलेख लिहीत नाही, पण ८२ सामन्यांच्या साखळीत तिची किंमत एप्रिलमधल्या शिट्टीइतकीच असते. २०२१पासून सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या संघांना प्ले-इनची, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीच्या जादा सामन्यांची, संधी मिळते. अनेकांना ती पद्धत आवडत नाही, कारण सातव्या क्रमांकाने कष्टाने मिळवलेली जागा पुन्हा पणाला लागते. मला ती योग्य वाटते, कारण एका विजयाच्या फरकाने घरी बसलेला संघ मी पाहिला आहे.

मोठ्या खेळाडूंना झुकते माप मिळते का, हा प्रश्न येथे येणारच. २०२५मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरने आम्हाला सातव्या सामन्यात बाहेर काढले, आणि त्यांच्या शाई गिल्जस-अलेक्झांडरला मिळणाऱ्या फ्री थ्रोंवर मी घरात पुष्कळ बोललो. पुढच्या फेरीत मिनेसोटाचे प्रेक्षक त्याला "फ्री थ्रोचा व्यापारी" म्हणून हिणवत होते. मी तेव्हा त्याच्या खेळाचे चित्रण थांबवून थांबवून पाहिले. तो धावता धावता एकाएकी थांबतो आणि मागून येणारा रक्षक त्याच्या अंगावर जाऊन आदळतो. ते ढोंग नाही, ते कसब आहे. नियमाने तो फाउलच आहे. रिंगखाली उभ्या असलेल्या योकिचच्या दंडांवर जे फटके बसतात, तेही नियमाने फाउलच आहेत आणि त्यांतले निम्मे तरी सोडून दिले जातात, एवढीच माझी तक्रार आहे.

एडिसन, न्यू जर्सी

मी न्यूयॉर्क निक्सचा चाहता आहे आणि धागाकर्त्यांच्या विनंतीप्रमाणे आमच्या बाजूने गेलेला निर्णय लिहितो. २७ एप्रिल २०२५ रोजी डेट्रॉइटमधील चौथ्या सामन्यात आम्ही ९४-९३ असे पुढे होतो. शेवटच्या क्षणी डेट्रॉइटच्या टिम हार्डवे ज्युनियरने कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट घेतला आणि आमचा जॉश हार्ट त्याच्या अंगावर गेला. शिट्टी वाजली नाही. सामन्यानंतर मुख्य पंच डेव्हिड गथ्री यांनीच तो फाउल द्यायला हवा होता असे मान्य केले. तीन फ्री थ्रो मिळाले असते आणि त्यांतले दोन पुरले असते.

माझ्या घरापासून फार दूर नसलेल्या सिकॉकस गावात एनबीएचे रिप्ले केंद्र आहे. २०१४पासून सगळ्या मैदानांवरील चित्रण तेथे येते. २०१९-२० पासून प्रशिक्षकांना पंचांच्या निर्णयाला आव्हान देता येते. पण न वाजलेल्या शिट्टीला आव्हान देता येत नाही. आधी फाउल दिला गेला, तरच तो तपासता येतो. इतके पडदे असताना त्या रात्री कोणाच्याही हातात काही नव्हते. मी त्या विजयाचा आनंद केला, हे खोटे कशाला सांगू? दुसऱ्या दिवशी कार्यालयात डेट्रॉइटचा एक सहकारी समोर आला, तेव्हा मी आपणहून म्हणालो, की तो फाउल होता. त्याने मान हलवली आणि कॉफी घेऊन निघून गेला.

नागपूर

मी वीस वर्षे शाळा-महाविद्यालयांच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

एनबीएत तीन पंच असतात. आमच्याकडे बहुधा दोन. दहा खेळाडू, दोन माणसांचे चार डोळे. चेंडूवाला रक्षकावर जाऊन धडकतो, तेव्हा प्रेक्षक चेंडूकडे पाहतात. आम्हाला चेंडूकडे पाहायचे नसते. रक्षकाची छाती आणि पाय पाहायचे असतात. तो योग्य जागी आधी पोहोचला असेल तर चार्ज, म्हणजे चेंडूवाल्याचा फाउल; उशिरा आला असेल तर ब्लॉक, म्हणजे रक्षकाचा फाउल. हे ठरवायला अर्धा सेकंदही मिळत नाही, आणि त्या क्षणी तिसरा खेळाडू मध्ये आला की जे दिसले नाही त्याचाही निर्णय द्यावा लागतो.

काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात शेवटच्या वीस सेकंदांत मी चार्ज दिला. बास्केट रद्द झाली आणि तो संघ एका गुणाने हरला. सिमेंटचे मैदान होते, संध्याकाळ झाली होती, एका खांबावरचा दिवा लागलेला नव्हता. मैदानाबाहेर एका मुलाने मला मोबाइलवरचे चित्रण दाखवले. रक्षकाचा उजवा पाय अजून सरकत होता. बुटाखालची धूळ उडालेलीसुद्धा दिसत होती. तो ब्लॉक होता. ज्याची बास्केट मी रद्द केली, तो मुलगा पाण्याच्या टाकीजवळ मोजे काढत बसला होता. मी जाऊन त्याला सांगितले, की चूक माझी होती. तो म्हणाला, "सर, मग निकाल बदलेल का?" मी नाही म्हणालो.

शेवटच्या दोन मिनिटांत चुरशीचे राहिलेल्या सामन्यांत त्या दोन मिनिटांतला प्रत्येक निर्णय बरोबर होता की चूक, याचा अहवाल एनबीए २०१५पासून दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध करते. अनेक पंचांना तो अपमान वाटतो. मला तो आवश्यक वाटतो, आणि तरीही त्या मुलाच्या प्रश्नाला त्यात उत्तर नाही, हेही मला ठाऊक आहे. तेव्हापासून मी अशा चढाईच्या वेळी बेसलाइनवर (रिंगमागच्या रेषेवर) दोन पावले अधिक आत सरकून उभा राहतो. तेथून पाय दिसतात.

टोरांटो

माझा अनुभव लहान आहे. १२ मे २०१९, फिलाडेल्फियाविरुद्ध सातवा सामना. गुण ९०-९०. आमच्या रॅप्टर्सच्या कवाय लेनर्डने उजव्या कोपऱ्यातून फिलाडेल्फियाच्या जोएल एम्बीडच्या हातांवरून शॉट टाकला, भोंगा वाजला, बोर्डाभोवतीचे लाल दिवे लागले आणि चेंडू रिंगवर चार वेळा उडाला. तेवढ्या वेळात मी शेजारच्या अनोळखी आजीबाईंचा हात घट्ट धरला होता. चेंडू आत पडला. त्या शॉटबद्दल आजवर कोणी पंचांना बोल लावलेला मी ऐकलेला नाही.

सॅक्रामेंटो, पुन्हा

नागपूरच्या पंचांचा अनुभव वाचल्यावर मी काल रात्री २००२चा तो सहावा सामना काढला आणि चौथा क्वार्टर आवाज बंद करून पाहिला. या वेळी चेंडू सोडून पाय आणि छाती पाहिली. ज्या फाउलांवर मी वर्षानुवर्षे रागावलो होतो, त्यांतले काही खरेच फाउल होते. आमचा खेळाडू उशिरा आला होता. पोलार्डचा सहावा फाउल मी अकरा वेळा मागे घेऊन पाहिला. त्याचा ओनीलला स्पर्श झालेला मला दिसला नाही.