मेथोला ‘विष’ म्हणणाऱ्यांसाठी

कंदी पेढा: काल इथे एकीने आमवातावर सल्ला दिलाय: “मेथोट्रेक्सेट म्हणजे कॅन्सरचं विष. सोडा आणि थेट टोफासिटिनिब घ्या.” दोन्ही आमवाताचीच औषधं, टोफा ही त्यातली नवी गोळी. डोकं फिरलं वाचून. काही कॅन्सरमध्ये मेथो ग्रॅमच्या हिशेबात देतात. आपल्याला आठवड्याला साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम, वर फॉलिक अ‍ॅसिड. मी नऊ वर्षं घेतोय, लिव्हर आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) वेळच्या वेळी तपासतो. पहिले दोन महिने ढिम्म फरक नव्हता, तेवढा धीर धरावा लागतो.

पोळपाट: ती मीच. धीराचं मला सांगू नका. शनिवारी गोळी, रविवार बेसिनपाशी, असे सहा महिने काढलेत. टोफा सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात पोळ्या लाटल्या. तुम्हाला लाटाव्या लागतात का कधी?

जुनं दुखणं: लाटा की. पण 2021 मध्ये अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने याच गोळीवर हार्ट अटॅक, कॅन्सर आणि रक्ताच्या गुठळ्यांचा इशारा वाढवला. तो अभ्यास पन्नाशीपुढच्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या लोकांवरचा होता हे मान्य. पण मी त्यातलाच, शुगरवाला. वर टोफावर असताना नागीण निघाली ती वेगळीच. सुरू करण्याआधी टीबीची तपासणी तरी झाली का तुमची?

पोळपाट: झाली. अडाणी नाही मी.

थोरली: तुमचं चालू द्या. माझ्या आईच्या चिठ्ठीवर इंग्रजीत ‘मॉन’ लिहिलं होतं, म्हणजे मंडे. मेडिकलवाल्याने सांगितलं मॉर्निंग. आठवड्याची गोळी तिने रोज घेतली. तोंडभर फोड, पेशी घसरल्या, नऊ दिवस आयसीयू. औषध कुठलंही द्या, आधी चिठ्ठी मराठीत लिहा!

ओपीडीवाला: आली मराठी! सकाळच्या ओपीडीत ऐंशी पेशंट असतात, ताई.

थोरली: ‘सोमवार’ लिहायला किती मिनिटं लागतात, डॉक्टर?

कुंदा: आमच्या बेळगावात मराठी चिठ्ठी मागून बघा एकदा.

कंदी पेढा: सीमाप्रश्न इथे नको हो!

कुंदा: का नको? माझ्या वडिलांना औषधाचं वेष्टन वाचता येत नाही, हा प्रश्न नाही?

ओपीडीवाला: बरं, ताईंचा मुद्दा खरा आहे. मेथो सोमवारी देऊ नये असं म्हणतात ते याच घोटाळ्यामुळे. मी बुधवार देतो, पूर्ण लिहून. मराठीत. खूश?

थोरली: आईला सांगते.

जुनं दुखणं: @पोळपाट, मेथोचं इंजेक्शन मिळतं, पोटावरच्या त्वचेखाली घ्यायचं. बऱ्याच जणांना त्याने मळमळ कमी होते. विचारलं होतंत?

पोळपाट: सहा महिन्यांत कुणी सांगितलं असतं तर विचारलं असतं. ‘विष’ हा शब्द मागे घेते. उलट्या नाही घेत. पंधरा तारखेला डॉक्टरांकडे जायचंय, टोफाचं आणि इंजेक्शनचं दोन्ही विचारते. तोवर गोळी चालूच, आज पोळ्या आहेत.