अनुभव धागा : आजीचं काम, मापासकट

घरातली नव्वदीची आजी किंवा पणजी गेली की "फार मायाळू होती, शेवटपर्यंत हिंडती-फिरती होती" एवढं लिहून होतं. ते खरंच असतं, पण जिच्या हाताला साठ-सत्तर वर्षं उसंत नव्हती तिचं काम त्यात कुठेच येत नाही. म्हणून इथे तिच्या हातचं एकच काम लिहा : किती घ्यायची, कसं करायची, कशाने बिघडायचं. "अंदाजाने घालायची" यावर थांबू नका. तिच्या अंदाजालाही माप होतं.

सातारा

थोरल्या आईच्या कुरडया. गहू तीन दिवस भिजवायचे आणि पाणी रोज बदलायचं. एक दिवस जरी चुकला तरी आंबूस वास चिकात (गव्हाच्या पांढऱ्या सत्त्वात) उतरतो, तो तळल्यावरही जात नाही. चौथ्या दिवशी दाणा चिमटीत दाबून बघायचा, पांढरं दूध सुटलं पाहिजे. मग गहू वाटून, पाण्यात कालवून चोथा घट्ट पिळायचा आणि पाणी पातळ फडक्यातून गाळायचं. कोंडा राहिला की कुरडई काळपट होते. रात्रभर झाकून ठेवलं की चीक तळाशी बसतो. सकाळी वरची निवळ हलक्या हाताने ओतून टाकायची.

आता माप. ज्या भांड्याने चीक मोजला त्याच भांड्याने तेवढंच पाणी. पाण्यात मीठ आणि हिंग घालून खळखळून उकळी आली की एकीने चीक धारेने ओतायचा, दुसरीने लाटण्याने ढवळत राहायचं. हे काम एकटीने होत नाही, म्हणूनच जावा-नणंदांना बोलावणं असायचं. हात थांबला की गाठी होतात, गाठ सोऱ्याच्या ताटलीत अडकते आणि धार तुटते. नंतर मंद आचेवर झाकण ठेवून वाफ. पांढरा रंग जाऊन चकाकी आली आणि ओल्या बोटाला चीक लागेनासा झाला की शिजला. कच्चा राहिला तर कुरडई वाळताना तडकते, तळताना फुलत नाही. थोरली आई ही खूण स्वतः बघितल्याशिवाय पातेलं उतरवू द्यायची नाही, अगदी खुर्चीवर बसून काम सांगायची वेळ आली तेव्हाही. चीक गरम असतानाच घालून संपवायच्या, गार झाला की सोऱ्या फिरत नाही. मीठ नेहमीपेक्षा कमीच घालायचं, कारण पाणी उडून गेलं की खारटपणा वर येतो.

जळगाव

वरच्याला जोड : पावसाळ्यात डबा उघडला आणि कुरडई लवचीक लागली तर टाकून देऊ नका. तळण्याआधी चांगलं ऊन दाखवा, पूर्वीसारखी फुलते.

रत्नागिरी

आजीची आमसुलं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकून लालभडक झालेले घ्यायचे. हिरवट फळाचं आमसूल पातळ आणि फिकं होतं. फळ फोडून बिया आणि गर वेगळे करायचे, सालं उन्हात टाकायची. गराच्या रसात जाडं मीठ विरघळवायचं, सालं त्यात बुडवून पुन्हा वाळवायची. हे एक पूट झालं. अशी पुटं रस संपेपर्यंत देत राहायची, दर पुटाला साल जाड आणि काळसर होत जातं. आत ओल राहिली की बुरशी येते, मीठ जास्त झालं की वर पांढरं फुटतं. सगळं पावसाच्या आत उरकायचं.

बियाही ती वाया घालवायची नाही. वाळवून, फोडून आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. वर तरंगतं ते तेल निवल्यावर गोठतं, मग मुठीत दाबून त्याचे गोळे करायचे. हेच मुठेल. थंडीत टाचांना भेगा पडल्या की किंचित गरम करून भेगेत भरायचं.

बीड

मोठ्या मायची गोधडी. वरून-खालून धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं, आत जुनी धोतरं आणि परकर. कोरं कापड आत घातलं तर पहिल्या धुण्यात आटतं आणि सगळी गोधडी चुणते. नायलॉनची साडी सरकते, थर जाग्यावर राहत नाहीत. जमिनीवर ताणून, कोपऱ्यांवर दगड ठेवून आधी मोठे कच्चे टाके. मग कडेने सुरुवात करून चौकोनात फिरत आत आत धावदोरा, दोन ओळींत बोटभर अंतर. माय गोधडीवरच बसून शिवायची, अंगाच्या वजनाने कापड ताणलेलं राहतं. दोऱ्याची गाठ थरांच्या आत ओढून घ्यायची, म्हणजे अंगाला टोचत नाही. नजर मंदावल्यावर सुईत दोरा नातवंडं ओवून द्यायची, टाका मात्र तिचाच, शेवटपर्यंत सारखा.

पुणे

कामाबरोबर सालही लिहा. जुन्या बायकांच्या कागदांवरची जन्मतारीख बरेचदा खरी नसते. शाळेत घालताना 1 जून लावलेली, आधारवर नुसतं साल सांगितलं म्हणून 1 जानेवारी पडलेली. "तुझा जन्म कधीचा?" असं विचारून काही मिळत नाही. "पानशेत फुटलं तेव्हा कडेवर कोण होतं?" असं विचारा. पानशेत 12 जुलै 1961, कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 ची पहाट, आणि 1972 चा दुष्काळ, जेव्हा खडी फोडायला जावं लागलं आणि सुकडी मिळायची. कडेवरच्या लेकराचं साल शाळेच्या दाखल्यावरून ताडून बघा, मग ते पोर झालं तेव्हा ती किती वर्षांची होती ते विचारा. दोन वेगळ्या घटनांवरून उत्तर जुळलं तरच साल पक्कं धरा.

लग्नात नाव बदललं असेल तर माहेरचं नाव आधी टिपा. माहेरच्या गावी तिच्या वडिलांच्या जमिनीचा वारसाचा फेरफार (जमिनीवर वारसांची नावं लावल्याची नोंद) काढला तर त्यात मुलींचीही नावं असू शकतात. तलाठ्याकडे विचारताना गट नंबर हाताशी ठेवा.

वाई

पुण्याच्या प्रतिसादाला धरून. माहेरची नावं आजीच्या जात्यावरच्या ओव्यांतही सापडतात, भावाचं नाव तर हमखास. पण खुर्चीवर बसवून "ओवी म्हण" म्हटलं की दोन ओळींत थांबते. जातं घरात असेल तर ते मांडा, मूठभर दाणे वैरायला द्या, खुंट्यावर हात ठेवू द्या. फिरकीबरोबर ओळी येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यामुळे आपल्या आजीच्या ओळी इतर गावांत कशा म्हणतात तेही पडताळता येतं. मोबाईल जात्यापासून लांब, तिच्या तोंडाच्या बाजूला धरा, नाहीतर घरघरीत शब्द बुडतात. आणि त्याच दिवशी तिच्यासमोर वाचून दाखवा, चुकीचा ऐकलेला शब्द ती लगेच दुरुस्त करते.