समुद्री गोगलगाईची पिल्ले ‘उबतात’, ‘फुटतात’ की ‘निघतात’?

प्रश्न (हिंगणघाट तालुका)
शाळेच्या विज्ञान भित्तिपत्रकासाठी समुद्री गोगलगाईंवरील एका उताऱ्याचा अनुवाद करताना मी ‘अंडकोशातून पिल्ले उबून बाहेर येतात’ असे लिहिले. सहकारी गुरुजींनी दोन्ही शब्दांना हरकत घेतली. त्यांच्या मते ‘अंडकोश’ म्हटले की आपल्याकडे वृषणाची पिशवीच डोळ्यांसमोर येते, आणि उबवणे हे तर कोंबडीचे काम. पुष्कळ जातींतील शंखमादी अंड्यांची चिवट वेष्टने खडकाला चिकटवून निघून जाते, ऊब देतच नाही. मग काय लिहावे?

दर्यापूर
गुरुजींचे बरोबर आहे. शिवाय पोत्यातले धान्य ओल लागून ‘उबते’, पिल्ले ‘उबत’ नाहीत. कोंबडी अंडी ‘उबवते’ आणि पिल्ले ‘काढते’. वेष्टनाला ‘अंडकुपी’ म्हणावे. अत्तराची कुपी सर्वांना ठाऊक आहे आणि तिला तोंडही असते.

काटोल
कुपी, डबी हे शब्द घरगुती बोलण्यात शोभतात. शास्त्रीय लेखनात एकच संज्ञा शेवटपर्यंत टिकली पाहिजे, म्हणून ‘अंडपुटिका’ आणि ‘निष्क्रमण’ हे शब्द घ्यावेत. मुलांना आज जड वाटलेला शब्द वर्षभरात अंगवळणी पडतो.

आर्मोरी
काटोलच्या सरांना विनंती की संज्ञा ठरवण्याआधी ती क्रिया कशी घडते ते पाहावे. अनेक शिकारी समुद्री गोगलगाईंच्या कुपीला तोंड असते आणि त्यात चिकट, घट्ट द्रव्याचे बूच बसलेले असते. वाढ पूर्ण होत आली की आतील गर्भ स्वतःच एक पदार्थ स्रवतात, त्याने ते बूच विरघळते आणि सगळे त्या वाटेने बाहेर पडतात. कुपीची भिंत फुटत नाही. रिकामी कुपी खडकावर तशीच उभी राहते. आमच्या भागात कोसा, म्हणजे टसर रेशीम, पिकतो, त्यामुळे हे वाचताच मला ऐनाच्या झाडावरील कोश आठवले. टसरचा पतंग तोंडातून पाझरणाऱ्या द्रवाने कोशाचे देठाकडील टोक ओले करतो. तिथे तपकिरी डाग पडतो, धागे सैल होतात आणि पायांनी ते बाजूला सारत तो वर येतो. तरीही आमच्या घरी ‘कोसा फुटला’ असेच म्हणतात. म्हणून ‘फुटणे’ हा शब्द सरळ टाकून द्यावा असे मला वाटत नाही.

काटोल
म्हणजे घरातले सगळे चुकीचे बोलतात म्हणून पुस्तकातही चूक छापायची का? जे विरघळते ते फुटत नाही, हे आपणच लिहिले आहे.

दर्यापूर
बोलीला चूक म्हणणे मला मान्य नाही. ‘पहाट फुटली’ म्हणताना काय तडकते?

साकोली
वाद क्रियापदावर अडला आहे, पण माझ्या मते खरी अडचण ‘पिल्लू’ या शब्दात आहे. काही जातींत कुपीतून निघतो तो पोहणारा सूक्ष्म डिंभ, म्हणजे पूर्ण रूप यायचे बाकी असलेली अवस्था, ज्याच्या डोक्यावर केसाळ पाळ्या असतात. त्याला पिल्लू म्हणणे मला पटत नाही. उलट उत्तर अटलांटिकमधील ‘बक्सिनम’ या गोगलगाईच्या कुपीत बहुतेक अंडी वाढतच नाहीत, ती वाढणाऱ्या मोजक्या भावंडांचे अन्न होतात आणि शेवटी कवचासह सरपटत निघतात ती खरीखुरी पिल्ले. आपल्या देवघरातला शंखही असाच. मन्नारच्या आखातात त्याची मादी मेंढ्याच्या शिंगासारखी पिळदार कुपीमाळ वाळूत रोवते आणि तिच्यातून इवले शंख चालत बाहेर येतात.

दर्यापूर
शंखाला गोगलगाय म्हणणे आमच्या आजीला कधीच पटले नसते. आमच्याकडे गोगलगाय म्हणजे सोयाबीन खाणारी शंखी, जी जमिनीत उघडी अंडी घालते.

साकोली
आमच्या तलावातली तर अंडी घालतच नाही, कवच असलेली पिल्लेच देते. तिच्यासाठी ‘व्याली’ हेच क्रियापद लागेल.

काटोल
गोगलगाय व्याली, असे लिहायचे? गाय या शब्दामुळे मुलांचा किती गोंधळ होईल, याचा विचार करावा.

हिंगणघाट तालुका
भित्तिपत्रक सोमवारी लागणार आहे. तूर्त मी ‘अंडकुपीचे बूच विरघळवून पिल्ले बाहेर निघतात’ असे लिहीत आहे.

काटोल
‘बूच’ या शब्दाला माझी हरकत नोंदवून ठेवावी.